भिंतीत जाणारं दार

"बिजागरीच नाही त्याला, त्यामुळे कुरकुरत नाही,"
रेइनो सांगत होता, "नुसतं घासतं."
आणि दोन्ही हातांनी ओढून दाखवलं.
भिंतीच्या पोटातून वीतभर बाहेर आलं दार
आणि जमिनीत दात रोवून थांबलं.

पलीकडे, जेवणाच्या खोलीत,
बारा खुर्च्यांचं टेबल होतं तिथे
आता त्यूनेचा पलंग, खिडकीशी,
खाली डुलुथचे उतरते रस्ते आणि गोठलेलं सरोवर.
ती उशीवरून म्हणाली,
"त्र्याहत्तर सालापासून उघडंच आहे ते.
तेव्हा आड घेण्यासारखं काही नव्हतं घरात."

चौकटीच्या पट्टीवरचा रंग मी सुरीने चिरला.
पाच थर. सर्वांत आतला पिस्त्यासारखा हिरवा.
पटाशी घातली, हलकेच उचकटली,
एक एक खिळा कण्हत सुटला.
मग वरच्या फटीत चपटा पाना, मनगट वाकडं,
दिसत काहीच नाही,
बोटांनाच बघायला लावायचं.
चाकं रुळावरून निघाली
आणि दाराचं सगळं ओझं
एकदम माझ्या खांद्यावर आलं.
"मी धरतो," रेइनो. वय एक्क्याऐंशी.
नको म्हणायला तोंड उघडलं, मिटलं.
धरू दिलं.

घोड्यांवर आडवं केलं तेव्हा कळलं,
हे दार दोन रंगांचं आहे.
बाहेर राहिलेली कड उन्हाने पिकून फिकी,
बाकी सगळं ओक जांभूळ-तपकिरी, चकचकीत,
जसं कुणी कालच वॉर्निश दिलंय
आणि अजून हात लावू नका म्हणालंय.

खालच्या कडेला गुण्या लावला. बसेना.
डावीकडून उजवीकडे कड चढत गेलेली, बोटभर.
कुठल्या गाढवाने कापलं हे, मनात म्हटलं.
मग गुडघ्यांवर बसून रुळापासून जमिनीपर्यंत
तीन ठिकाणी टेप लावली.
तीन ठिकाणी तीन आकडे.
जमीनही चढत गेलेली, तशीच, त्याच बाजूला.
तो गाढव नव्हता.
घर सरोवराकडे कलतंय हे त्याला ठाऊक होतं,
आणि कललेल्या घराला
त्याने कललेलंच दार दिलं होतं.
कडेवर त्याची पेन्सिल अजून होती:
एका टोकाला "पाव", दुसऱ्याला "अर्धा".
बाकी नाव नाही, गाव नाही.

मधल्या काळात घर आणखी थोडं निघालंय.
मी चिकटपट्टी लावली, त्याच्या रेघेच्या वर माझी रेघ,
सुरीने आधी तंतू कापून घेतले,
नाहीतर करवत ओकची सालटी काढते.
अंगणात उणे नऊ. भुसा बर्फावर पडला,
वास मात्र भाजलेल्या पावाचा.
मग रंधा. ढलप्या निघाल्या लांब, कुरळ्या,
रेइनोने एक उचलून कोटाच्या खिशात ठेवली,
का, ते मी विचारलं नाही.

उघड्या कडेला वॉर्निशचा हात दिला,
नाहीतर लाकूड ओल पितं आणि सगळं मुसळ केरात.
वाळेपर्यंत कॉफी झाली, वेलचीचा गोड पाव झाला.
तेव्हा त्यूने बोलली, माझ्याकडे बघत,
त्याच्याकडे न बघता:
"मंगळवारी नर्स येते अंघोळ घालायला.
हा दारात उभा राहतो. मदत करायला म्हणून.
चौपन्न वर्षं बघितलंय याने मला,
त्याची हरकत नाही.
पण हे बघितलेलं नको."
रेइनो कपात साखर ढवळत राहिला.
कपात साखर नव्हतीच.

दार चढवलं, चाकं रुळाला लागली, पट्टी ठोकली.
तिचा एकच हात चालतो, डावा.
पलंग मी दारापाशी सरकवला.
तिने करंगळी खाचेत अडकवली
आणि ओढलं.
काहीच आवाज झाला नाही.
इतका, की रेइनो दचकला.
खाली बोटभर फट, त्यातून उजेडाची एक पट्टी
आमच्या बुटांपर्यंत.

थोडा वेळ गेला.
मग पलीकडून:
"रेइनो, तू तिथेच उभा आहेस ना?"

"नाही," तो म्हणाला,
आणि हलला नाही.